पाना-पकडीच्या पुढे : इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा

पेठ वडगावच्या बाजारपेठेत आपल्या बांधवांचे धंदे जुने आहेत. फळे, पान-तंबाखू, अत्तर, गॅरेज आणि आता मोबाईल दुरुस्ती. दहावी झाली की मुलगा चुलत्याच्या नाहीतर मामाच्या दुकानात बसतो आणि सहा महिन्यांत हाताला सोल्डरिंग येते. घरात पैसा येऊ लागतो, मग शाळेचे नाव निघत नाही. यात कमीपणा काही नाही. पण हा धंदा एका मर्यादेवर अडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ती मर्यादा कोठे आहे? सुटा भाग बदलता येतो, तोवर काम मिळते. सर्किट वाचून दोष शोधायची वेळ आली की कारागीर थांबतो आणि अख्खा बोर्ड बदला म्हणतो. इचलकरंजीत धोट्याविना चालणारे रॅपिअर आणि एअरजेट माग आले. त्यांचे सेन्सर व कंट्रोल बोर्ड बिघडले की माग उभा राहतो. शिरोलीच्या फौंड्रीत इंडक्शन भट्टी थायरिस्टरवर चालते. अशा ठिकाणी ऑसिलोस्कोप लावून पाहणारा माणूस लागतो.

त्यासाठी दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. त्याला प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड केलेल्यालाही डिप्लोमाचे दुसरे वर्ष खुले आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

जवळ वाठारला अशोकराव माने संस्थेचे तंत्रनिकेतन आहे, कोल्हापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे. कोणती शाखा कोठे चालू आहे, हे मात्र तंत्रशिक्षण संचालनालयाच्या चालू वर्षाच्या यादीतच पाहावे. आम्ही तर म्हणू, आधी शासकीयचा पर्याय भरा, कारण फीमधला फरक मोठा आहे.

मुले गळतात ती पहिल्या वर्षाच्या गणितात आणि इंग्रजीत. उर्दू-मराठी माध्यमाच्या मुलाला पुस्तकातले वाक्यच कळत नाही. सर्किट मात्र तो चटकन जोडतो. काही ठिकाणी आता मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिकवणे सुरू झाले आहे, त्याची चौकशी करावी. दुकानात बसलेल्या मुलाला ही तीन वर्षे बिनकमाईची वाटतात, आणि ती तशीच असतात. पहिला पगारही फार मोठा नसतो. पालकांनी हे धरूनच निर्णय घ्यावा.

मुलींसाठी 2024-25 पासून मोठी सवलत झाली आहे. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी व ईडब्ल्यूएस मुलींनी केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते.

बागवान, तांबोळी, आतार, पिंजारी हे ओबीसीत आहेत. पण दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरवर पुष्कळदा नुसते ‘मुसलमान’ एवढेच असते. मग चुलत आजोबांचा दाखला, जन्म-मृत्यूची जुनी नोंद असा शोध घ्यावा लागतो आणि त्यात महिने जातात. ज्यांचा मुलगा वा मुलगी यंदा नववीत आहे, त्यांनी तो आत्ताच सुरू करावा.