बासी ईद, व्हीलचेअर आणि आकाशपाळणा

ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, आमच्या नात्यातली मुले शहराबाहेरच्या थीम पार्कला जातात. गेली दोन वर्षे आमची लेक घरीच राहिली. "तुला त्रास होईल बेटा," असे म्हणून आम्ही तिला आइस्क्रीम आणून द्यायचो. यंदा तिने आइस्क्रीम फ्रीजमध्ये परत ठेवले आणि विचारले, "अम्मी, त्रास मला होईल की तुम्हाला?" रोज वर्गभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे आम्ही या एका प्रश्नापुढे गप्प झालो.

लेक पंधरा वर्षांची आहे. स्पायना बायफिडा हा मणक्याचा दोष तिला जन्मापासून आहे. पायांत ताकद नाही, तिथला स्पर्शही नीट कळत नाही. हात मात्र मजबूत आहेत. सपाट जागी व्हीलचेअर ती स्वतःच चालवते.

गर्दी टाळायची म्हणून आम्ही ईदनंतर एक साधा मंगळवार निवडला आणि तिच्याच वयाच्या चुलत बहिणीला सोबत घेतले. आधी पार्कला फोन केला. "व्हीलचेअरची सगळी सोय आहे," असे उत्तर मिळाले आणि आम्ही समाधानाने फोन ठेवला. पहिली चूक तीच. पायऱ्या किती, शौचालयाचा दरवाजा किती रुंद, किल्ली कोणाकडे, हे विचारायला हवे होते.

फाटकावरच्या माणसाने तिच्याकडे न पाहता आम्हाला सांगितले, "मुलीला बागेत फिरवा, राइडकडे नका नेऊ." लेक म्हणाली, "काका, तिकीट माझंही पूर्णच घेतलंय ना?" तो ओशाळला आणि आम्हीही. कारण तिच्या वतीने बोलायची सवय आम्हालाही आहे.

दिव्यांगांसाठीचे शौचालय होते, पण त्याला कुलूप होते. किल्ली यायला वीस मिनिटे गेली आणि दार उघडल्यावर आत झाडू-बादल्या निघाल्या. एका खेळाकडे जाणारा उतार इतका उभा होता की दोघांनी ढकलूनही खुर्ची मागे येत होती. आपल्याकडच्या नियमावलीत उताराचे प्रमाण एकास बारा आहे. म्हणजे एक फूट चढायचे तर उतार बारा फूट लांब हवा. इथे तो जेमतेम चार फुटांचा होता.

पहिली राइड छोट्या आगगाडीची होती. तिथल्या तरुणाने मदतीच्या भावनेने तिला उचलायला हात पुढे केले. लेक पटकन म्हणाली, "थांबा दादा. अब्बू उचलतील. आणि आधी मला विचारत जा." त्याने "सॉरी ताई" म्हटले. मुलगी मोठी झाली की तिच्या अंगाला हात लावण्याआधी विचारायचे असते, हे आपण सर्वांना शिकवतो. व्हीलचेअरवरच्या मुलीबाबतच ते कसे विसरतो?

मोठ्या रोलर कोस्टरला नकार मिळाला. पण तिथल्या बाईंनी लेकीच्या समोर वाकून तिलाच कारण सांगितले. गाडी मध्येच बंद पडली तर सर्वांना अरुंद जिन्याने चालत उतरावे लागते आणि तिथे उचलून आणायला दोन माणसे मावत नाहीत. लेकीने दोन प्रश्न विचारले आणि मान डोलावली. नकार तिला लागला नाही, कारण तो समजावून दिला होता.

आकाशपाळण्यापाशी मात्र नुसतेच "जबाबदारी कोण घेणार?" ऐकावे लागले. लेकीने नियमांचा फलक वाचला. उंची, हृदयविकार, गर्भवती महिला असे सारे होते. व्हीलचेअरचा उल्लेख नव्हता. तिने शांतपणे साहेबांना बोलवायला सांगितले. ते आले, पाळणा पूर्ण थांबवून घेतला आणि परवानगी दिली. अब्बूंनी तिला उचलून बसवले. आम्हीही शेजारी बसणार, तोच ती म्हणाली, "तुम्ही खाली थांबा. आम्ही दोघी जातो."

रिकाम्या खुर्चीचे मूठ धरून आम्ही दोघे वर पाहत राहिलो. पंधरा वर्षांत आमच्यापैकी कोणीच जवळ नाही, असे तिच्या बाबतीत क्वचितच घडले असेल. पाळणा खाली आला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "पुन्हा!" अब्बूंची कंबर दोन दिवस दुखली. ते मात्र कुरकुरले नाहीत.

अशा सहलीला निघणाऱ्या पालकांसाठी अनुभवातून थोडे सांगतो. खुर्चीची रुंदी मोजून ठेवा आणि फोनवर दरवाजाची रुंदी विचारा. खुर्चीतली गादी सोबत असू द्या. ज्यांना स्पर्श कळत नाही, त्यांना उन्हात तापलेल्या बाकाचा चटकाही कळत नाही, म्हणून बसवण्याआधी हात लावून पाहा. एकाच जागी फार वेळ बसू देऊ नका, थोड्या थोड्या वेळाने अंग उचलायला सांगा, नाहीतर जखमा होतात. स्पायना बायफिडा असलेल्या अनेक मुलांना रबराची ॲलर्जी असते. त्यांना फुग्यांपासून दूर ठेवा.

आणि हे उपकार मागणे नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये करमणुकीत बरोबरीने सहभागी होण्याच्या हक्काचाही समावेश आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सुगम्यतेचे बंधनकारक नियम करायला सांगितले. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात २०१० साली दिव्यांगांना समोर ठेवूनच 'मॉर्गन्स वंडरलँड' हे पार्क उभे राहिले. तिथे दिव्यांगांना प्रवेश मोफत आहे. त्याच्याच पाण्याच्या पार्कमध्ये भिजू शकतील अशा, दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या व्हीलचेअर मिळतात. म्हणजे इच्छा असेल तर होते.

घरी आल्यावर लेकीने पार्कला पत्र लिहिले. तीनच मागण्या आहेत. शौचालय उघडे ठेवा, उतार लांब करा, कोणती राइड कोणाला का चालत नाही ते फलकावर लिहा. आम्ही फक्त शुद्धलेखन तपासले, आणि तिथेही एकच चूक सापडली.

उत्तर अजून आलेले नाही. पण पुढच्या बासी ईदला, इन्शाअल्लाह, ती बहीण-भावंडांसोबत जाणार आहे. आइस्क्रीम तिथेच खाईल म्हणते.