साहाय्यव्यवस्था, संगणकांतर्गत

संगणकाच्या क्रियाप्रणालीतच (संगणकाच्या सर्व कार्यांचे नियमन करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीत) अंतर्भूत केलेला मार्गदर्शक मजकूर आणि तो शोधून पडद्यावर दाखविणारी यंत्रणा यांस संगणकांतर्गत साहाय्यव्यवस्था म्हणतात. वापरणाऱ्याच्या सोयीनुसार तिच्यात बदल करण्याची मुभा असते. या बदलत्या बाबींना ‘सेटिंग’ असे नाव आहे. काही सेटिंगे केवळ दर्शनी असतात. इतर काहींमुळे उत्तर कोठून यावे आणि वापरणाऱ्यासंबंधीची कोणती माहिती बाहेर जावी, हे ठरते.

मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज एक्सपी’ (२००१) या क्रियाप्रणालीतील साहाय्यकेंद्रात पहिल्या प्रकारच्या सेटिंगांवर भर होता. अक्षरे लहान, मध्यम वा मोठी करणे, शोधलेला शब्द मजकुरात ठळकपणे दर्शविणे इ. गोष्टी त्यात येत.

दुसऱ्या प्रकाराचे चांगले उदाहरण ‘विंडोज ७’ (२००९) मध्ये आढळते. कळफलकावरील ‘एफ१’ ही कळ दाबली असता साहाय्याची खिडकी उघडे. तेथील पर्यायसूचीतून अक्षरांचा आकार पाच पायऱ्यांत बदलता येई. त्याच सूचीतील सेटिंगांच्या खिडकीत दोन चौकटी होत्या. पहिलीत खूण केल्यास संगणकातील मजकुराबरोबरच कंपनीच्या संकेतस्थळावरील अद्ययावत मजकूरही शोधला जाई. संगणकात साठविलेला मजकूर कालांतराने जुना होतो, हे लक्षात घेता ही सोय उपयुक्त होती. दुसरी चौकट साहाय्य-सुधारणा कार्यक्रमात सहभागी होण्याची असून तीत खूण केल्यास साहाय्याचा वापर कसा होतो, याची माहिती कंपनीकडे जाई. हा सहभाग ऐच्छिक होता. दोन्ही चौकटी दिसावयास सारख्याच. परंतु पहिलीचा लाभ वापरणाऱ्यास तत्काळ मिळे, तर दुसरीत त्याने काही द्यावयाचे असे व त्याचा लाभ झालाच तर पुढे केव्हातरी होई. पहिलीतही शोधावयाचे शब्द संगणकाबाहेर जातच, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नसे. कार्यालयांतील संगणकांवर हा निर्णय व्यक्तीकडे न ठेवता व्यवस्थापकास समूह-धोरणाद्वारे दोन्ही बाबी सर्वांसाठी एकदमच बंद करता येत.

‘विंडोज १०’ (२०१५) मध्ये ही रचना मोडीत निघाली. डेस्कटॉपवर ‘एफ१’ दाबल्यास न्याहाळक उघडून थेट इंटरनेटवरील शोध सुरू होऊ लागला. संगणकातील मजकूर वापरावा की बाहेरचा, हा प्रश्नच त्यामुळे उरला नाही आणि त्यासंबंधीची चौकटही गेली. बाहेर पाठविल्या जाणाऱ्या माहितीसंबंधीची सेटिंगे आता साहाय्याच्या खिडकीत नसून क्रियाप्रणालीच्या गोपनीयता विभागात असतात. मजकूर अद्ययावत राहतो हा या पद्धतीचा गुण खरा. परंतु जोडणी तुटली असता ती कशी जुळवावी याचे बहुतेक मार्गदर्शनही त्या तुटलेल्या जोडणीपलीकडेच राहते.

यूनिक्स व तिच्या धर्तीच्या क्रियाप्रणालींत मात्र जुनी पद्धत टिकून आहे. यूनिक्सची पहिली माहितीपुस्तिका १९७१ साली तयार झाली. पुढे तिची पृष्ठे ‘मॅन’ या आज्ञेने पडद्यावर वाचता येऊ लागली. ही पृष्ठे सामान्यतः संगणकातच साठविलेली असतात. मजकूर पानापानाने दाखविण्याचे काम कोणत्या आज्ञावलीने करावे, हे ‘पेजर’ नावाच्या चलास मूल्य देऊन ठरविता येते. त्यासाठी खिडकी वा चौकट नसते. आज्ञा टंकलिखित करावी लागते. नवशिक्यास हे अवघड वाटते, पण पृष्ठ वाचताना संगणकाबाहेर काहीही पाठवावे लागत नाही.