चुकीला बोलू द्या

काही वर्षांपूर्वी मी जुन्या फाँटमधल्या माझ्या कविता युनिकोडमध्ये आणायला घेतल्या. फाइली दीडशेच्या घरात. भाच्याने वर्डचा मॅक्रो लिहून दिला. मॅक्रो म्हणजे कामांची लिहून ठेवलेली यादी. एकदा हुकूम दिला की वर्ड ती ओळीने पार पाडतो. मॅक्रोने फाइली बदलून नव्या फोल्डरमध्ये ठेवल्या. एकही तक्रार नाही! मी खूश. जुना संगणक भंगारात दिला.

सात महिन्यांनी प्रुफे वाचताना ‘अम्मी’ या नावाखाली तिच्या आधीचीच कविता निघाली.

भाचा म्हणाला, “मामू, वरची ओळ वाचा.” ओळ होती, ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’. म्हणजे चूक झाली तरी थांबू नकोस, पुढच्या ओळीवर जा. ‘अम्मी’ची फाइल खराब होती, उघडलीच नाही. आधीची कविता मात्र उघडी होती. मॅक्रोने तीच ‘अम्मी’ नावाने साठवली.

मॅक्रो लिहिताना व्याकरण चुकले तर वर्ड लगेच दाखवतो. पण लिहिलेले बरोबर असूनही चालताना अडचण येते. फाइल सापडत नाही, खुणेचा बुकमार्क कोणी पुसलेला असतो. ही ‘रनटाइम एरर’. वर्ड थांबतो आणि क्रमांक दाखवतो. 5941 म्हणजे मागितलेली वस्तू दस्तऐवजात नाही. 13 म्हणजे एका जातीच्या माहितीच्या जागी दुसऱ्याच जातीची आली.

यावर उपाय आहे. सुरुवातीला ‘ऑन एरर गोटू’ लिहून पुढे एक नाव द्यायचे आणि त्याच नावाचा भाग मॅक्रोच्या तळाशी लिहायचा. चूक होताच काम तिथे उडी घेते. तिथे चुकीचा क्रमांक, वर्णन आणि फाइलीचे नाव पडद्यावर दाखवावे. त्या भागाच्या आधी ‘एक्झिट सब’ ही ओळ हवीच; नाहीतर काम सुरळीत झाले तरी मॅक्रो त्या भागात शिरतो.

‘रिझ्यूम नेक्स्ट’ वाईट नाही, पण ते एखाद्याच ओळीपुरते वापरावे. लगेच ‘एरर’चा क्रमांक शून्य आहे का ते पाहावे आणि ‘ऑन एरर गोटू झिरो’ लिहून ती सूट बंद करावी. त्याहून बरे म्हणजे बुकमार्क आहे का, फाइल जागेवर आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

‘अम्मी’ची धड प्रत जुन्या संगणकावर होती. मॅक्रो त्याच दिवशी बोलला असता तर ती हाती लागली असती. वहीत पहिली तीन कडवी मिळाली. शेवटची दोन मी थेट संगणकावर लिहिली होती, ती गेलीच.

भाच्याने मॅक्रो सुधारला. मूळ फाइलींवर तो पुन्हा चालवला, तेव्हा थांबून त्याने आणखी दोन नावे सांगितली. प्रुफांत मी तिथवर पोहोचलो नव्हतो. त्या दोन्ही कविता वहीत पूर्ण होत्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)