खेळाडू रात्री घडतो

खेळाडूचे स्नायू बळकट कधी होतात? मैदानावर घाम गाळताना, असं आपण चटकन सांगू. आणि चुकू! पळताना, वळताना, झेप घेताना स्नायूंचे तंतू जागोजागी विरतात, त्यांच्यातला साखरेचा साठा आटतो. शेवटची शिट्टी वाजते तेव्हा खेळाडू सकाळी होता त्यापेक्षा दुबळा झालेला असतो. बळ वाढतं ते त्यानंतर. पोटात अन्न गेलं की शरीर विरलेले तंतू दुरुस्त करायला घेतं आणि ते आधीपेक्षा थोडे जाडच विणतं. हे काम दुसऱ्या दिवशीही चालू असतं, पण त्यातला महत्त्वाचा वाटा उरकतो रात्री, झोपेत.

म्हणजे सामन्यानंतरची रात्र ही खेळाडूची खरी कमाईची वेळ. मग एक कोडं पडतं. इंग्लंडमधले फुटबॉलपटू नेमक्या याच रात्री पिढ्यानपिढ्या दारूत का घालवत होते? पैसा फार झाला म्हणून, हे उत्तर लगेच ओठांवर येतं. खरं उत्तर त्याहून कितीतरी विलक्षण आहे, आणि आज ते धाराशिवच्या खो-खोच्या मैदानालाही लागू होऊ लागलं आहे.

आधी या गोष्टीतल्या मुख्य पात्राला भेटू. धाराशिवकरांना ते परकं नाही. उसातली साखर काढून घेतल्यावर कारखान्यात काळी, दाट मळी उरते. तिच्यात अजून साखरेचा अंश असतोच. त्यावर यीस्ट सोडायचं. हे डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव साखर खातात आणि दोन गोष्टी बाहेर टाकतात: कार्बन डायऑक्साइड आणि इथेनॉल, म्हणजे मद्यार्क. ज्या द्रवाभोवती माणसानं मैफली आणि सरकारी महसूल उभा केला, तो एका सूक्ष्म जीवाचा टाकाऊ पदार्थ आहे! त्याचं प्रमाण शेकडा पंधराच्या आसपास गेलं की बहुतेक यीस्ट त्यातच मरून जातं. हेच इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, हेच सॅनिटायझरमध्ये असतं. ऊसपट्ट्यात ते रोजचंच आहे.

इथेनॉलचा एक रेणू केवढा असतो? कार्बनचे दोन, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचा एक, एकूण नऊ अणू. पारंपरिक खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे जितके गडी मैदानात उतरतात, तितकेच! आणि हुलकावणीही तशीच. बसलेल्या गड्यांच्या मधून पळणारा निसटावा, तसा हा रेणू पेशींच्या पडद्यांमधून निसटतो, कारण तो पाण्यातही विरघळतो आणि चरबीतही शिरतो. मेंदूला रक्तातल्या नको त्या पदार्थांपासून जपणारा एक कडेकोट अडसर असतो. भल्याभल्या औषधांना तो ओलांडता येत नाही. इथेनॉल मात्र काही मिनिटांत पलीकडे!

पलीकडे त्याला काय सापडतं? डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली, मुठीएवढा लहान मेंदू असतो. माणसाच्या मेंदूत साधारण ८६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ ६९०० कोटी या मुठीएवढ्या भागात दाटीनं बसलेल्या आहेत. धावता धावता तोल कसा सावरायचा, पाऊल कोणत्या क्षणी वळवायचं, हात कधी लांबवायचा, हे सगळं इथे ठरतं. खेळाडूचं कसब म्हणतो ते बरंचसं इथेच राहतं. आणि दारूचा परिणाम ज्या भागांवर सर्वांत आधी दिसतो, त्यांतला हा एक आहे. प्यालेल्या माणसाची पावलं वाकडी पडतात ती याचमुळे.

बरं, सामना तर संपला. आता तोल गेला म्हणून बिघडलं काय? बिघडतं ते झोपेचं. दारूनं डोळा पटकन लागतो, म्हणून माणूस फसतो. पण स्वप्नांची झोप आखडते, उत्तररात्री पुन्हा पुन्हा जाग येते, आणि गाढ झोपेत स्रवणारं वाढीचं संप्रेरक कमी पडतं. मूत्रपिंडांना ‘पाणी राखून ठेवा’ असं बजावणारं संप्रेरकही घटतं. म्हणून घामानं आधीच सुकलेलं शरीर आणखी पाणी गमावतं.

स्नायूंचं काय? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ तंदुरुस्त पुरुषांकडून कसून व्यायाम करून घेतला, मग त्यांच्या मांडीच्या स्नायूचे बारीक नमुने तपासले. व्यायामानंतर नुसती प्रथिनं घेतली तेव्हा नवे तंतू जोमानं घडत होते. प्रथिनांबरोबर भरपूर दारू घेतली, तर तेच काम शेकडा २४ नं घटलं. प्रथिनांऐवजी पिष्टमय अन्न आणि दारू घेतली, तर शेकडा ३७ नं. विचार करा, सराव तेवढाच, घाम तेवढाच, आणि कमाईचा चौथा हिस्सा एका बैठकीत गायब!

आता यकृताकडे वळू. इथेनॉल मोडून काढण्याचं बहुतेक काम एकटं यकृत करतं, आणि त्याचा वेग ठरलेला असतो: तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये जवळपास २० ग्रॅम इथेनॉल असतं. हिशेब करून पाहा. रात्री ११ पर्यंत चार पेग झाले, म्हणजे ८० ग्रॅम. सकाळी ७ ला सरावाची शिट्टी वाजते तेव्हा यकृत अजून रात्रीचंच काम उपसत असू शकतं. कॉफीनं हा वेग वाढत नाही, गार पाण्याच्या अंघोळीनंही नाही. एका सामन्यात दहा-अकरा किलोमीटर पळणाऱ्या फुटबॉलपटूच्या तगड्या मांड्यांचाही इथे उपयोग नाही, कारण स्नायू इथेनॉल जाळतच नाहीत म्हटलं तरी चालेल. या एका बाबतीत अव्वल खेळाडू आणि तुम्ही-आम्ही अगदी सारखे.

मग ते प्यायचे का? इतिहासात डोकावलं की थक्क व्हायला होतं. लिव्हरपूल हा क्लब १८९२ मध्ये स्थापन करणारे जॉन हौल्डिंग हे बिअर बनवणारे कारखानदार होते. न्यूटन हीथ नावाचा एक क्लब कर्जात बुडाला, तेव्हा जॉन हेन्री डेव्हिस या दुसऱ्या बिअर कारखानदारानं तो सावरला. १९०२ मध्ये त्याचं नाव बदललं: मँचेस्टर युनायटेड! म्हणजे इंग्लंडचे दोन सर्वांत गाजलेले क्लब दारूच्या पैशावर उभे राहिले. सामना, मग दारूचा गुत्ता, मग घर, हा क्रम खेळाडूंना वारसाहक्कानं मिळाला होता.

आणि तेव्हा ते गडगंजही नव्हते. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगाराला लीगच्या नियमानं घातलेली मर्यादा होती, शेवटी आठवड्याला फक्त २० पौंड. पिण्याची चाल पैशाच्या आधीची आहे. पैशानं तिला मोकळं रान दिलं, एवढंच. सराव सकाळी, तो दुपारच्या जेवणापर्यंत आटोपलेला. विशीतला पोरगा, खिसा भरलेला, अख्खी दुपार आणि संध्याकाळ रिकामी. सामना रात्री असेल तर अंगात उसळलेलं अ‍ॅड्रिनलिन तासन्‌तास उतरत नाही, झोप येत नाही. आणि सोबतचे सगळे निघालेले असताना एकट्यानं घरी जायचं कसं? न पिणारा गडी आपला वाटत नसे.

या वातावरणानं काय गिळलं ते मँचेस्टर युनायटेडच्या जॉर्ज बेस्टच्या आयुष्यात दिसतं. १९६८ मध्ये, २२ व्या वर्षी, तो युरोपचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. २७ व्या वर्षी तो क्लब सुटला. २००२ मध्ये यकृत बदलावं लागलं, आणि २००५ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, तो गेला.

पण इतकी पडझड दिसत असूनही क्लब जागे का झाले नाहीत? आर्सेनल क्लबचा कर्णधार टोनी अ‍ॅडम्स १९९० च्या डिसेंबरमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेला. त्या संघात मंगळवारच्या सरावानंतर पिण्याचा नेम होता, कारण बुधवारी सुट्टी. तरीही त्याच हंगामात आर्सेनल ३८ पैकी एकच सामना हरला आणि विजेता ठरला! उत्तर इथेच आहे. समोरचा संघही पीत असेल, तर आपलं किती गेलं हे कुणालाच दिसत नाही. नुकसान सगळ्यांचं सारखं होत असतं, म्हणून गुणफलकावर ते उमटत नाही.

१९९६ मध्ये दोन गोष्टी जुळून आल्या. अ‍ॅडम्सनं सप्टेंबरमध्ये सहकाऱ्यांना एकत्र करून सांगितलं की मी दारूच्या व्यसनात अडकलो आहे. आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला जपानमधल्या नागोया क्लबचं काम सोडून आलेले आर्सेन वेंगर आर्सेनलचे प्रशिक्षक झाले. वेंगर यांनी ताटात उकडलेल्या भाज्या आणि मासे आणले, सरावाआधी आणि नंतर अंग ताणण्याचे व्यायाम लावले, खेळाडूंच्या बैठकीच्या खोलीतली दारू बंद केली. नवा कर्णधार शोधला नाही. जुन्यालाच उभं राहायला वेळ दिला. दोनच हंगामांत, १९९८ मध्ये, आर्सेनलनं इंग्लंडच्या लीग आणि एफए कप या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. लीगवर शिक्कामोर्तब करणाऱ्या सामन्यातला शेवटचा गोल अ‍ॅडम्सचा होता! तो २००२ पर्यंत, पस्तिशी गाठून, खेळला. दरम्यान २००० मध्ये त्यानं व्यसनात सापडलेल्या खेळाडूंसाठी ‘स्पोर्टिंग चान्स’ ही संस्था काढली. एका संघानं रात्री सांभाळल्यावर बाकीच्यांना आपलं नुकसान पहिल्यांदा दिसलं. पुढे चालच पालटली. २०१९ पासून एफए कपच्या विजेत्यांच्या हातात येणारी शॅम्पेनही मद्यार्काविना असते.

मँचेस्टर युनायटेडची बेस्टची ७ क्रमांकाची जर्सी पुढे क्रिस्तियानो रोनाल्डोकडे आली. बेस्ट गेला त्याच्या दोन महिने आधी, २००५ च्या सप्टेंबरमध्ये, रोनाल्डोचे वडील दारूनं यकृत निकामी होऊन वारले होते. रोनाल्डो दारूपासून लांब राहिला आणि चाळिशीतही गोल करत राहिला. त्याच्याकडे पैसा बेस्टपेक्षा शेकडो पटींनी जास्त. मग पैशानं बिघडतं, हे म्हणणं टिकतं कुठे?

आता आपल्या मातीत येऊ. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा सर्वांत महागडा खेळाडू १२ लाख ८० हजारांचा होता. २०१९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. २०२३ मध्ये पवन सेहरावतची बोली अडीच कोटींच्या पुढे गेली. २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारतानं पुरुष व महिला दोन्ही गटांत तो जिंकला. गावच्या मैदानावरच्या पोरापोरींच्या खिशात पैसा आणि वाट्याला हॉटेलच्या खोल्यांतल्या रिकाम्या रात्री येऊ लागल्या आहेत. इंग्लंडनं १९६१ नंतर पाहिलेलं वळण आपल्यासमोर आहे.

त्या वळणावर काय उपयोगी पडतं, हे धाराशिवनं आधीच दाखवलं आहे. भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार राहिलेल्या सारिका काळे इथल्याच. जवळजवळ दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवून आपण खेळलो, असं त्यांनी अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा, २०२० मध्ये, सांगितलं. २०१६ मध्ये पैशाच्या ओढगस्तीनं खचून त्यांनी खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि त्या मैदानावर परतल्या. पुढे तुळजापूर तालुक्यात क्रीडा अधिकारी झाल्या. अ‍ॅडम्सला विपुलतेनं घेरलं होतं, सारिका काळे यांना टंचाईनं. दोघांनाही सावरलं ते वाईट काळात जवळ उभ्या राहिलेल्या माणसांनी.

म्हणून तालुक्याच्या, जिल्ह्याच्या संघांशी ज्यांचा संबंध आहे, त्या प्रत्येकाला एक विनंती. पोरं जिंकून आली की सोलापूर–धुळे महामार्गावरच्या ढाब्यावर ‘पार्टी’ ठरते आणि कौतुकानं पहिला ग्लास हातात देणारा बहुधा कुणीतरी मोठाच असतो. तो ग्लास देऊ नका. त्याऐवजी भरपेट जेवण द्या, भरपूर पाणी द्या, रात्री दहाच्या आत अंथरूण द्या, आणि ज्याला झोप येत नाही त्याच्याशी बोलायला एक भरवशाचं माणूस ठेवा. सरावाचं वेळापत्रक प्रत्येक संघाकडे असतं. सामन्यानंतरच्या रात्रीचंही एक वेळापत्रक करा.