विप्रोचं गाव आणि माल्किएलांचा हिशेब

अमळनेर म्हटलं की साने गुरुजी आणि प्रताप शेठजी आठवतात, आणि तिसरं नाव हमखास विप्रोचं. १९४५ साली महंमद हुसेन हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. पुढच्याच वर्षी कंपनीचे शेअर लोकांना मिळाले. गावातल्या घरांनी ते घेतले आणि ट्रंकेत ठेवले. १९६६ मध्ये वडील गेल्यावर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी कारभार बघू लागले. ऐंशीच्या दशकात संगणक आले, बोनसावर बोनस मिळत गेले आणि साधी शेतकरी घरं कोट्यधीश झाली.

१९७३ साली मात्र ही कंपनी तूप-साबणच विकत होती. त्याच वर्षी प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ बर्टन माल्किएल यांचं ‘अ रँडम वॉक डाउन वॉल स्ट्रीट’ आलं. बॉस्टनला १९३२ मध्ये जन्मलेले माल्किएल प्राध्यापकीआधी वॉल स्ट्रीटवर नोकरी करून आले होते. त्यांचं म्हणणं असं, की भावात माहिती इतक्या लवकर मुरते की डोळे बांधलेल्या माकडाने बाण मारून निवडलेले शेअरही तज्ज्ञांच्या तोडीस तोड ठरावेत. तेव्हा निवडत बसू नका. अख्खा बाजार कमी खर्चात घेणारा फंड हवा. १९७६ मध्ये व्हॅनगार्ड या फंड कंपनीच्या जॉन बोगल यांनी तसा फंड काढला. अपेक्षा १५ कोटी डॉलरची होती, जमले जेमतेम १ कोटी १३ लाख. माल्किएल पुढे २८ वर्षं व्हॅनगार्डच्या संचालक मंडळावर होते.

मग अमळनेरने त्यांना खोटं पाडलं का? मला तसं वाटत नाही. १९४६ साली गावाची शान प्रताप मिल होती. शहाण्या माणसाने तेव्हा कापड धरलं असतं, तूप नव्हे. आणि गिरण्या पुढे कशा बंद पडल्या ते खानदेशाला सांगायला नको. ज्यांच्या कागदांचं सोनं झालं ती घरं आपण मोजतो. ज्यांचे कागद रद्दीत गेले ती कोण मोजतं? वित्तशास्त्राचे अभ्यासक हेंड्रिक बेसेम्बाइंडर यांनी १९२६ पासूनचे अमेरिकी शेअर तपासले, तेव्हा बाजाराने निर्माण केलेली सारी निव्वळ संपत्ती अवघ्या ४ टक्के कंपन्यांच्या खात्यावर निघाली. त्या कंपन्या आधी ओळखता येत नाहीत. सगळ्याच घेतल्या तर सुटतही नाहीत. अमळनेरकरांनी वर्षानुवर्षं शेअर विकले नाहीत, हे मात्र माल्किएलांना मनापासून पटलं असतं.

जून २०२४ मध्ये सेन्सेक्समधून विप्रो वगळली गेली, अदानी पोर्ट्स आली. सेन्सेक्सचा फंड घेतलेल्यांच्या पैशात ती अदलाबदल आपोआप झाली. ट्रंकेतल्या शेअरांचं काय करायचं, हे अमळनेरच्या घरांना अजून स्वतःच ठरवायचं आहे.