डायलिसिस : लगेच की थांबून?

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची लघवी कमी झाली की बाहेर बसलेले नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर, डायलिसिस का सुरू करत नाही?’ प्रश्न रास्त आहे. अलीकडेपर्यंत डॉक्टरांमध्येही यावर एकमत नव्हते.

या रुग्णांची मूत्रपिंडे अनेकदा आधी ठणठणीत असतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. जंतुसंसर्ग रक्तात पसरला किंवा रक्तदाब कोसळला की रक्त गाळण्याचे काम काही तासांतच मंदावते. क्रिएटिनिन मात्र रक्तात हळूहळू साचते. त्यामुळे सकाळच्या रिपोर्टातला आकडा बहुधा कालची परिस्थिती सांगतो. लघवी आधी इशारा देते. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ६० किलोच्या माणसाला सलग सहा तास ताशी ३० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली, तर मूत्रपिंडाला इजा झाली असे धरतात. तासातासाला पिशवीतली लघवी मोजून लिहिणारी परिचारिका कित्येक महागड्या तपासण्यांपेक्षा उपयोगी ठरते, ती यामुळेच.

बिघडलेले मूत्रपिंड दुरुस्त करणारे औषध अजून नाही. कमी मात्रेतले डोपामिन वर्षानुवर्षे त्याच आशेने दिले जाई. २००० साली ३२८ रुग्णांवरील चाचणीत त्याचा काहीच फायदा दिसला नाही. मग उरते ते रक्तदाब सांभाळणे, संसर्ग आवरणे, घातक औषधे थांबवणे आणि सलाइन बेताने देणे. फुप्फुसांत पाणी साचेपर्यंत सलाइन चढवणे म्हणजे मूत्रपिंडाची सेवा नव्हे.

आता डायलिसिस. पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेले, रक्तातले आम्ल वाढतच राहिले किंवा पाण्यामुळे श्वास अडकू लागला, तर वाट पाहायची नसते. तसे काही नसेल तर? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, १५ देशांतल्या सुमारे ३,००० रुग्णांवरील चाचणीत लवकर आणि थांबून सुरू केलेल्या डायलिसिसची तुलना झाली. ९० दिवसांतला मृत्युदर दोन्ही गटांत सुमारे ४४ टक्के निघाला. थांबलेल्या गटातल्या जवळपास ३८ टक्के रुग्णांना डायलिसिस लागलेच नाही! उलट, लवकर सुरू केलेल्यांपैकी जे वाचले, त्यांतले १०.४ टक्के ९० दिवसांनीही डायलिसिसवरच होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. डायलिसिस चालू असताना रक्तदाब घसरतो, तेव्हा सावरू पाहणाऱ्या मूत्रपिंडाला पुन्हा फटका बसत असावा. मात्र थांबण्यालाही मर्यादा आहे. २०२१ च्या एका फ्रेंच चाचणीत त्याहून जास्त थांबून काही लाभ झाला नाही, कदाचित हानीच झाली.

म्हणजे ‘अजून थांबू’ असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा तो हलगर्जीपणाच असतो असे नाही. थांबण्याचे कारण आणि कशावर लक्ष ठेवले जात आहे, हे मात्र नातेवाईकांनी जरूर विचारावे. रुग्ण घरी आला की तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासून घ्यावे, आणि अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.