विश्लेषण : जुन्या पोर्शे-मर्सिडीजला लिलावात कोट्यवधींचा भाव कसा मिळतो? बोली पत्र्यावर लागते की कागदावर?

ऑगस्ट २०१९. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात माँटेरे येथे ‘आरएम सदबीज’ या संस्थेचा जुन्या गाड्यांचा लिलाव सुरू होता. १९३९ ची ‘टाइप ६४’ ही चंदेरी गाडी मंचावर आली. तिची अपेक्षित किंमत होती सुमारे दोन कोटी डॉलर. प्रत्यक्षात मागच्या पडद्यावर पहिलाच आकडा झळकला तीन कोटींचा. मग चार, पाच, सहा आणि सात कोटी. टाळ्या पडल्या, मोबाइल उंचावले गेले. तेवढ्यात लिलाव पुकारणाऱ्याने खुलासा केला की बोली सात कोटींची नसून १ कोटी ७० लाखांची आहे. ‘थर्टीन’चे ‘थर्टी’ आणि ‘सेव्हन्टीन’चे ‘सेव्हन्टी’ ऐकले गेले होते. आधी हशा पिकला, मग हुर्यो उडाली. बोली पुढे सरकली नाही आणि गाडी विकली गेली नाही.

या फजितीची चर्चा जगभर झाली. मात्र त्यातला एक प्रश्न मागे राहिला. सात कोटी डॉलर हा आकडा काही क्षण का होईना, सभागृहाला खरा वाटला. बीटलचे यांत्रिक भाग वापरून बांधलेल्या ऐंशी वर्षांच्या गाडीत असे काय होते?

मुळात ती ‘पोर्शे’ होती का?

टाइप ६४ ची रचना फर्डिनांड पोर्शे यांच्या कार्यालयाने केली. बर्लिन ते रोम अशा नियोजित शर्यतीसाठी अशा तीन गाड्या बांधल्या गेल्या. महायुद्ध सुरू झाले आणि शर्यत झालीच नाही. तिन्हींपैकी लिलावात आलेली ही एकच शिल्लक असल्याचे सांगितले जाते. तिच्या नाकाडावर ‘पोर्शे’ अशी अक्षरे आहेत, पण ती नंतर बसवलेली. पोर्शे नावाने गाड्या बनवण्यास सुरुवात झाली ती १९४८ मध्ये, ‘३५६’ या मॉडेलपासून. मग टाइप ६४ ही पहिली पोर्शे, की पोर्शेच्या आधीची फोक्सवॅगन? ‘पहिली पोर्शे’ म्हटले की एक किंमत, ‘पोर्शेची पूर्वज’ म्हटले की दुसरी. गाडी तीच, अॅल्युमिनियमचा पत्राही तोच.

दिसायला सारख्या, मग भावात फरक का?

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे १९७३ ची ‘९११ कॅरेरा आरएस २.७’. शर्यतीच्या नियमांत बसण्यासाठी पोर्शेला अशा किमान ५०० गाड्या बनवणे भाग होते. तेवढ्या विकल्या जातील का, याचीच कंपनीला धास्ती होती. प्रत्यक्षात १,५८० बनल्या. इंजिन २,६८७ सीसीचे, ताकद २१० अश्वशक्ती, काही ठिकाणी पत्रा नेहमीपेक्षा पातळ आणि मागे बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला स्पॉयलर.

अडचण अशी, की त्या काळातल्या साध्या ९११ चा सांगाडा जवळपास तसाच आहे. शेपटी बसवा, मागची चाके रुंद करा, दारावर ‘कॅरेरा’ची पट्टी चिकटवा, लांबून कोणाला फरक कळणार नाही. अशा नकला भरपूर आहेत आणि ‘नक्कल’ असे सांगून विकल्या तर त्यात गैर काही नाही. परंतु अस्सल आरएस आणि तिची हुबेहूब नक्कल यांच्या किमतीत कित्येक पटींचे अंतर असते. हे अंतर गाडीच्या वेगाचे नाही. चांगली बांधलेली नक्कल रस्त्यावर अस्सल गाडीच्या तोडीस तोड धावू शकते. भाव आहे तो चासीवर आणि इंजिनावर ठोकलेल्या नंबराचा.

म्हणूनच लिलावाच्या सूचीपत्रात ‘मॅचिंग नंबर्स’ हे दोन शब्द आवर्जून छापलेले असतात. कारखान्यातून गाडी बाहेर पडताना तिच्यात जे इंजिन आणि जो गिअरबॉक्स होता, तोच आजही आहे, असा त्याचा अर्थ. शर्यतीच्या गाड्यांची इंजिने वापरात फुटत, बदलली जात. त्या वेळी त्याचे कोणाला काही वाटत नसे. आज मात्र मूळ इंजिन नसलेल्या गाडीचा भाव चटकन खाली येतो.

गाडीचा ‘सातबारा’ कुठे मिळतो?

जमीन घेताना आपण आधी सातबारा आणि फेरफार पाहतो. जुन्या पोर्शेच्या बाबतीत ते काम कारखान्यातील नोंदपत्र करते. संग्राहक त्याला ‘कार्डेक्स’ म्हणतात. चासी आणि इंजिनाचे नंबर, मूळ रंग, गाडी कोणत्या विक्रेत्याकडे गेली, अशा नोंदी त्यात असतात. त्यानंतरची साखळी मालकाने जोडायची : जुनी बिले, नोंदणीची कागदपत्रे, गॅरेजच्या पावत्या, शर्यतीतली छायाचित्रे. मधली दहा वर्षे गाडी कुठे होती हे सांगता आले नाही, तर शंका तिथेच सुरू होते.

एवढे करूनही वाद होतात. विनोदी अभिनेते जेरी साइनफेल्ड यांनी २०१६ मध्ये आपल्या संग्रहातील गाड्या लिलावात काढल्या. त्यातली १९५८ ची ‘३५६ कॅरेरा स्पीडस्टर’ १५.४ लाख डॉलरना गेली. तीन वर्षांनी खरेदीदार कंपनीने ही गाडी अस्सल नसल्याचा दावा करत न्यायालयात धाव घेतली. मालक प्रसिद्ध आहे म्हणून तपासणी टाळायची नसते, एवढे तरी त्यातून दिसले.

तपासणीत रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र फार कामाचे ठरते. एखाद्या भागावर थर अचानक जाड लागला तर खाली लांबीचे लिंपण, म्हणजे जुना अपघात किंवा गंज असू शकतो. पोर्शेने ९११ च्या सांगाड्याला जस्ताचा लेप द्यायला सुरुवात केली ती १९७० च्या दशकाच्या मध्यावर. त्याआधीच्या गाड्यांत गंज हा मोठा शत्रू. नंबराचे अंक त्या काळच्या ठशांनीच ठोकले आहेत की नंतर कोरले, हेही जाणकार भिंगातून पाहतात.

मग जॅनिस जॉप्लिनच्या गाडीचे काय?

अस्सलपणाचा हा नियम एका गाडीने पार उलटा केला. गायिका जॅनिस जॉप्लिन हिच्या १९६४ च्या ‘३५६’ वर फुलपाखरांपासून डोळ्यांपर्यंत रंगीबेरंगी चित्रे होती. डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला चार ते सहा लाख डॉलर येतील असा अंदाज होता. मिळाले १७.६ लाख. गंमत म्हणजे तिच्या मृत्यूनंतर मूळ चित्रे पुसून गाडी पुन्हा करड्या रंगात रंगवण्यात आली होती. लिलावात दिसलेली चित्रे १९९० च्या दशकात छायाचित्रे पाहून नव्याने काढलेली. म्हणजे रंग मूळचा नव्हता आणि चित्रेही मूळची नव्हती. पण ती गाडी जॅनिसचीच, याबद्दल कोणाला शंका नव्हती.

छापून येणारी किंमत बोलीची असते का?

बहुतेकदा नाही. ‘ल मां’ चित्रपटाच्या सुरुवातीला स्टीव्ह मॅक्वीन चालवतो ती १९७० ची ९११ एस २०११ मध्ये १३.७५ लाख डॉलरना विकल्याचे जाहीर झाले. हातोडा पडला तो १२.५ लाखांवर. उरलेले १० टक्के लिलावसंस्थेचे खरेदीदाराकडून घेतलेले शुल्क. हे शुल्क संस्थेनुसार बदलते. कर, वाहतूक आणि विमा वेगळा. पहिल्यांदा बोली लावणारे नेमके हेच गणित विसरतात.

दुसरी खाचखळग्याची जागा म्हणजे राखीव किंमत. त्याखाली विकायचे नाही, असे मालकाने ठरवलेले असते आणि तो आकडा गुप्त असतो. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी लिलाव पुकारणारा मालकाच्या वतीने स्वतःच बोली वाढवू शकतो. संस्थांच्या अटींत हे लिहिलेले असते. वाचतो कोण, हा भाग वेगळा. ‘राखीव किंमत नाही’ असे जाहीर झालेली गाडी मात्र शेवटच्या बोलीला द्यावीच लागते.

१३.५ कोटी युरोंचा विक्रम कसा झाला?

मे २०२२ मध्ये स्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात निवडक निमंत्रितांसमोर १९५५ ची ‘३०० एसएलआर उलेनहाउट कूपे’ १३.५ कोटी युरोंना विकली गेली. तेव्हाच्या दराने सुमारे १,१०० कोटी रुपये. त्याआधीचा लिलावातील विक्रम होता २०१८ मधील फेरारी २५० जीटीओचा, ४.८४ कोटी डॉलरचा. अशा दोनच कूपे बनल्या. १९५५ च्या ल मांमधील भीषण अपघातानंतरच्या काळात मर्सिडीजने शर्यतींतून माघार घेतली आणि कूपे शर्यतीत उतरलीच नाही. मुख्य अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट ती कामावर येण्या-जाण्यासाठी वापरत.

इथे विक्रेती होती खुद्द मर्सिडीज. गाडी जन्मापासून कंपनीकडेच, त्यामुळे मालकीच्या साखळीत एकही कडी निखळलेली नाही. जुळी गाडी कंपनीने स्वतःकडे ठेवली. विक्रीतून आलेला पैसा शिष्यवृत्ती निधीसाठी देण्यात आला.

मग हा भाव कायम वरच जातो का?

नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या गाड्यांचे भाव असेच भडकले होते आणि पुढच्या काही वर्षांत कोसळले. शिवाय उभी गाडीही खर्च मागते. रबर कडक होते, ब्रेक अडकतात आणि इंजिन उघडायची वेळ आली तर हात लावणारे कारागीर मोजकेच.

भारतात नियम काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल किंवा इंधन भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला असेल, तर ती या व्याख्येत बसत नाही.